सतरावा प्रश्न आणि कँटीनच्या मावशी

अर्थशास्त्राचा मास्तर असूनही, माणूस कशासाठी काय करतो हे मला कधी नीट कळलेलं नाही. घरी हे सगळ्यांना ठाऊक आहे. भाजी आणायला मला पाठवत नाहीत. कॉलेजात मात्र वीस-बावीस वर्षं हे गुपित मी टिकवून होतो. ते कसं फुटलं आणि फुटलं म्हणूनच माझा पेपर कसा वाचला, ते सांगतो.

माझा पेपर म्हणजे ‘आर्थिक विचारांचा इतिहास’. शेवटच्या वर्षाला, ऐच्छिक. एका स्कॉटिश मास्तराला टाचणीच्या कारखान्यात काय दिसलं, एका पाद्र्याला वाढत्या लोकसंख्येची धास्ती का पडली, फ्रान्सच्या राजाच्या वैद्याला देशाची नाडी शेताच्या बांधावर का लागली, असल्या गोष्टी. बाकीच्या तासांना मी बँकेच्या व्यवहारांचे तक्ते फळ्यावर उतरवतो आणि मुलं ते वहीत उतरवतात. त्यात फळ्याचाही काही दोष नाही. पण ह्या एका तासाला मी खडू खाली ठेवतो. आठवड्यातून चार वेळा मला वाटतं, की आपण शिक्षक झालो ते बरं झालं. मुलांना तसं वाटत नसे. एकानं मला तोंडावर विचारलं होतं, “सर, ही सगळी मेलेली माणसं. जिवंत माणसांचं काय न्हाय का परीक्षेला?”

गेल्या वर्षी जूनमध्ये प्राचार्यांनी बोलावलं. आमचे प्राचार्य रसायनशास्त्राचे. बोलताना समोरच्या माणसाकडे परीक्षानळीकडे बघावं तसं बघतात; आता रंग बदलेल, मग बदलेल.

“सर, तुमचा पेपर मार्चमध्ये बंद होतोय,” ते म्हणाले. “अभ्यास मंडळाचं म्हणणं आहे, त्याच्या जागी डिजिटल मार्केटिंग घ्यावं. मुलंही तेच मागतात.”

“आणि मी?”

“तुम्हाला बँकिंगचे तास वाढवून देऊ की.”

म्हणजे निवृत्तीपर्यंत तक्ते. माझा रंग बदलला असावा, कारण ते जरा मऊ झाले. “एक वर्ष देतो. संगणकावर काहीतरी करा. पाठ करा, प्रश्न करा, मुलं लॅबमध्ये बसून शिकतायत असं दिसू दे. मंडळाला आकडे लागतात. आकडे चांगले असतील तर मी भांडतो तुमच्यासाठी. नसतील तर मंडळाला पन्हाळ्यावर जेवायला नेतो आणि सही करून मोकळा होतो.”

संगणकाशी माझा संबंध तोवर माउसवरची धूळ पुसण्यापुरता. लॅबच्या मॅडम सीमेकडच्या. कानडी आणि मराठी दोन्ही सारख्याच धारेनं बोलतात. मशीन अडलं की कानडीत आणि माणूस अडला की मराठीत. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण पहिल्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी थोरल्या बहिणीसारखं वागायला सुरुवात केली. पहिला पाठ मी त्यांच्या लॅबमध्ये चाळीस मिनिटं ध्वनिमुद्रित केला. हातवारे करून, डोळे मोठे करून, टाचणीचा कारखाना अक्षरशः उभा केला. त्यांनी तो लावून बघितला आणि म्हणाल्या, “सर, मूकपट चांगला झालाय. पुढच्या वेळेला माइक चालू करू या.”

तीन महिन्यांत आठ पाठ झाले. प्रत्येक पाठ दहा-बारा मिनिटांचा, मागोमाग प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय. बरोबर बटण दाबलं की माझा आवाज येई, “शाब्बास!” आणि पुढचा प्रश्न. चुकीचं दाबलं तर काहीच नाही, पुन्हा दाबा. महिन्याअखेर संगणक आपण होऊन तक्ता काढी, की कोण किती प्रश्न पहिल्या फटक्यात बरोबर सोडवतो.

पहिला तक्ता आला. सगळे शंभर टक्के. अडतीसच्या अडतीस. मी तो तीनदा मोजला. प्राचार्यांनी त्याचा आलेख काढून सूचनाफलकावर लावला, क्रीडा विभागाच्या ढालींच्या शेजारी. दोन दिवस मी त्या फलकावरून कारण नसताना ये-जा केली.

तिसऱ्या दिवशी वर्गात मागच्या बाकावरच्याला उभं केलं. “टाचणीच्या कारखान्यात काय झालं, सांग.”

“क, सर.”

“क म्हणजे?”

“ते न्हाय ठावं सर. पण क हाय.”

सगळ्या आठ पाठांच्या उत्तरांची अक्षरं एका कागदावर लिहून त्याचा फोटो फोनवरून फिरला होता. कुणीतरी ती लेझमीच्या ठेक्यात बसवली होती. क-अ-ड-ब, ब-ब-क-अ. माझ्या वर्गात आर्थिक विचारांचा इतिहास कुणालाच येत नव्हता, पण चालीवर म्हणता सगळ्यांना येत होता.

मॅडमना सांगितलं. त्या हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं नमूद करतो. “पर्यायांची जागा दर वेळी बदलती ठेवते,” त्या म्हणाल्या. “मग अक्षर पाठ करून उपयोग न्हाय, वाचायलाच लागतंय. आणि सर, तुमचं ते शाब्बास काढू या. चुकल्यावर काहीतरी टोचलं पाहिजे. कुणीतरी रागवायला पाहिजे.”

मग मी माझं रागावणं ध्वनिमुद्रित केलं. “हे उत्तर चुकीचे आहे. कृपया पाठ पुन्हा ऐकावा.” मॅडमनी ऐकलं. “सर, ह्यात कोल्हापूर-गारगोटी गाडी कितीला सुटणार ते तेवढं राहिलं.”

मी आणखी कडक प्रयत्न केला. मुठी आवळल्या, घसा खरवडला. मॅडमनी माइक बंद केला. “तुमच्या रागाला कुणी भीत न्हाय, सर. तुम्हाला वाईट वाटंल, पण खरं ते खरं. कँटीनच्या मावशींना इचारू या का?”

कँटीनच्या मावशी कोडोलीहून रोज सकाळच्या एसटीनं येतात. तिथं त्यांचं थोडं रान आहे, बाकी सगळा राज्यकारभार आमच्या कँटीनमधून. हातात झारा, कपाळावर आठी आणि तोंडाला फाटक नाही. कप परत न ठेवणाऱ्याला, सुट्टे नसणाऱ्याला, ‘मावशी, पोहं गार हायत’ म्हणणाऱ्याला त्या जे सुनावतात ते कँटीनच्या बाहेर वडाखाली ऐकू येतं. प्राध्यापकसुद्धा त्यांच्यासमोर स्वतःचा कप स्वतः विसळतात. मी तर दोनदा विसळतो. मुलं त्यांना थरथर कापतात, अशी माझी पक्की समजूत. ह्या समजुतीवर मी सगळा डाव लावला.

मावशी लॅबमध्ये आल्या त्या पदर खोचूनच. माइक बघून म्हणाल्या, “ह्याच्यात बोलायचं? आन् शिव्या कुणाला द्यायच्या? माणूस तर दिसंना.”

“माणूस नाही, मावशी. चुकीचं उत्तर. मी सांगतो काय चुकलं, तुम्ही रागवा.”

मी पहिला पर्याय वाचला. एकाच माणसानं टाचणीचं सगळं काम केलं की टाचण्या जास्त होतात.

मावशींनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, मग माइककडे. “व्हय रं बाबा! म्हणून तर मी एकटीच च्या करतो, एकटीच कप धुतो, एकटीच पोह्याला फोडणी घालतो, आन् तुमी अर्धा तास टाळूवर उन्ह घेत हुबं ऱ्हातायसा! दोघी असतो तर? डोळं हायत का बटनं?”

मॅडमनी अंगठा दाखवला. त्या चाळीस मिनिटांच्या माझ्या पाठात जे होतं, ते मावशींनी दोन कपबशांत आटोपलं होतं.

पुढे पाद्री. पर्याय होता, माणसं वाढली की अन्न आपोआप वाढतं. “चार पावणं जादा आलं म्हणून माझ्या पातेल्यात पोहं आपोआप फुगत्यात व्हय? कुठनं येतंय, तुज्या खिशातनं?”

मग पाणी आणि हिरा. पाण्यावाचून जीव जातो तरी ते स्वस्त, हिऱ्यावाचून कुणाचं अडत नाही तरी तो महाग, हे कोडं. चुकीचा पर्याय होता, हिरा जास्त उपयोगी म्हणून महाग. मावशी भडकल्या. खऱ्याच भडकल्या. “तान लागल्यावर हिरा चोखतोस काय रं? भरला माठ हाय म्हणून पान्याला किंमत न्हाय. माठ पालथा पडला की इचार मग कोन महाग हाय त्ये!”

दोन दुपारी असं चाललं. मी पर्याय वाचायचा, मावशींनी झोडायचं. सतराव्या प्रश्नाला मात्र गाडी अडली. प्रश्न होता, फ्रान्सच्या राजाच्या त्या वैद्याच्या मते देशाची संपत्ती कुठून येते? चार पर्याय. सोन्याचांदीच्या साठ्यातून, व्यापारातून, नोटा छापण्यातून, जमिनीतून. मी हातातल्या उत्तरांच्या कागदाकडे बघितलं. तीन चुकीचे पर्याय एकामागून एक वाचले. तिसरा होता, जमिनीतून.

मावशींनी नुसती मान डोलावली.

“रागवा की, मावशी.”

“का रागवू? बरोबर हाय की.”

“नाही हो, चूक आहे.”

“मास्तर, जिमिनीतनं येत न्हाय तर कुठनं येतंय? आमच्या रानात ऊस लावला तर ऊस येतोय. सोनं लावलं तर सोनं येतंय का?”

“मावशी, तो वैद्य फ्रान्सचा. कोडोलीचा नव्हे. माझ्या कागदावर लिहिलंय.”

“कुनी लिवलंय?”

“मीच.”

“मग असंल,” मावशी म्हणाल्या आणि माइककडे तोंड करून, एवढ्या दोन दिवसांत पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या, “बरोबर हाय की. पण मास्तर न्हाय म्हणत्यात.”

“चालेल, चालेल,” मी घड्याळाकडे बघत म्हणालो. “पुढचा घ्या.”

डिसेंबरपासून लॅबमध्ये नवे पाठ सुरू झाले. आणि काय सांगू, लॅब भरून वाहू लागली. तास नसलेली मुलं येऊन बसत. ज्यांना अटेंडन्ससाठी ओढून आणावं लागे, ती दाराशी रांग लावत. एका रांगेत पाठमोरी वीस डोकी, कानाला हेडफोन, खांदे गदगदा हलतायत. मी काचेतून बघून मनाशी म्हणे, बघा, रडतायत पोरं. शिस्त म्हणजे काय ते मावशींना विचारा.

फेब्रुवारीअखेर तक्ता आला. पहिल्या फटक्यात बरोबर उत्तरं: शून्य. पुढच्या मुलाची: शून्य. त्याच्या पुढच्या मुलीची: एक. मग पुन्हा शून्य. कागद उलटा तर धरला नाही ना म्हणून मी फिरवून बघितला. शून्य फिरवल्यावरही शून्यच दिसतं.

सूचनाफलकावरचा जुना आलेख दुपारपर्यंत खाली उतरला. ढालींच्या शेजारी चार टाचण्या तेवढ्या राहिल्या. टाचण्याच राहाव्यात, हे जरा जास्तच झालं.

“सर,” प्राचार्य म्हणाले, “सप्टेंबरात शंभर आणि फेब्रुवारीत शून्य. शिकवून मुलं मागे जाऊ शकतात, हे मला आजवर माहीत नव्हतं. मंडळ पुढच्या गुरुवारी येतंय. मी काय दाखवू त्यांना?”

“पन्हाळा,” असं माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं.

तिथून मी तडक वर्गात गेलो आणि आयुष्यातलं सगळ्यांत वाईट भाषण केलं. टाचणी कळत नाही, माठ कळत नाही, बापाच्या कष्टाची किंमत कळत नाही, नुसते माठ आहात, असं सगळं. शेवटी म्हणालो, “हा पेपर आता बंद होणार. तुमच्यामुळं.” वर्ग खाली माना घालून बसला होता. मागून कुणीतरी हळूच म्हटलं, “मावशीची सर न्हाय.” आणि अख्खा वर्ग फुटला.

मी लॅबमध्ये जाऊन बसलो. मॅडम तो तक्ता पडद्यावर लावून, गालाला पेन टेकवून बघत होत्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “सर, तुम्ही अर्थशास्त्राचे न्हवं?”

“होतो.”

“चार पर्याय हायत. डोळं मिटून एखाद्यानं दाबत ऱ्हायलं तरी चारातलं एक बरोबर येणारच की. माकड बसवा, त्याचंबी पंचवीस टक्के येतंय. आणि ह्या पोरांचं शून्य?”

“म्हणजे माकडापेक्षा…”

“अय्यो, तसं न्हवं! प्रत्येक वेळेला चुकायचं असलं तर बरोबर कुठलं ते ठावं पाहिजे! हे बगा. प्रत्येक पोराचं, प्रत्येक प्रश्नाला: चूक, चूक, चूक, मग बरोबर. बरोबर उत्तर मुद्दाम शेवटाला ठेवलंय.”

दाराशी पुढच्या तासाची मुलं थांबली होती. त्यातल्या एका मुलीला, बिद्रीकडची, नेहमी पहिल्या बाकावर बसणारी, मॅडमनी आत बोलावलं. “खरं सांग गं. असं का दाबताय?”

तिनं माझ्याकडे बघितलं, मॅडमकडे बघितलं. “रागवणार न्हाई न्हवं सर?”

“मी रागावून काय होतंय ते आत्ताच बघितलंस.”

“सर, चुकल्याशिवाय मावशी बोलत न्हाईत,” ती म्हणाली. “पहिल्यांदाच बरोबर दाबलं की प्रश्न बंद. मग तीन बोलणी फुकट जात्यात. म्हणून बरोबर कुठलं ते आधी हुडकायचं, आन् त्याला हात लावायचा न्हाई. एखाद्याचा चुकून बरोबर आला तर त्यानं त्या दिवशी सगळ्यांस्नी वडा द्यायचा, असं ठरलंय.”

“मावशींची भीती वाटत नाही तुम्हाला?”

ती खरोखर गोंधळली. “भीती? सर, मावशी ज्याला बोलत न्हाईत त्याला वाईट वाटतंय. माझ्या भावानं तर मुद्दाम कप फोडलाय.”

वीस वर्षं मी कँटीनमध्ये बसत होतो. मावशींच्या तोंडचा मारा खायला लागलेली रांग रोज बघत होतो आणि तिला पोह्यांची रांग समजत होतो. प्रोत्साहन कशाला म्हणावं, शिक्षा कशाला म्हणावं, ह्यावर मी दर ऑगस्टमध्ये दोन तास घेतो. आणि कोल्हापुरात राहून, प्रेमानं झालेल्या उद्धाराला शिक्षा समजणारा जिल्ह्यातला एकमेव माणूस मीच निघालो.

उड्या मारत प्राचार्यांकडे गेलो. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. “म्हणजे मुलांना सगळं येतं, म्हणून त्यांना शून्य पडलं.”

“अगदी बरोबर.”

“सर, हे मंडळापुढं सांगायचं? विद्यापीठात गोष्ट होईल माझी. मुलगी तुमच्या वर्गातली, ती तुमच्याच बाजूनं बोलणार. पुरावा आणा. मला शून्य म्हणजे शून्य दिसतं. येत नाही म्हणून शून्य आणि येतं म्हणून शून्य, ही दोन शून्यं वेगळी करून दाखवा.”

मी परत लॅबमध्ये. मॅडम अजून पडद्यासमोरच होत्या. आता त्या तक्ता मुलांच्या नावांनी न लावता प्रश्नांच्या क्रमानं लावत होत्या. पहिला प्रश्न, सगळे चूक. दुसरा, सगळे चूक. शून्यांची माळ खाली उतरत गेली आणि एका जागी तुटली.

“हे काय?” मॅडम म्हणाल्या. “सतरावा. तेरा जणांचं पहिल्या फटक्यात बरोबर. आणि बाकीच्यांचं दुसऱ्या न्हाईतर तिसऱ्याला. चौथं बटण कुणीच दाबलं न्हाई. हिथंच कसं काय चुकून बरोबर आलं सगळ्यांचं?”

मी वाकून प्रश्न वाचला. फ्रान्सच्या राजाचा वैद्य. देशाची संपत्ती. संगणकाच्या लेखी बरोबर उत्तर: सोन्याचांदीच्या साठ्यातून.

मी मागे जाऊन सोळावा प्रश्न उघडला. कारण सोन्याचांदीचं उत्तर सोळाव्या प्रश्नाचं. ते व्यापारी मंडळींचं मत, आणि तो वैद्य ह्याच मतावर उखडला होता. अरे, सोनं काय खाता, जमीन बघा जमीन, हेच तर त्याचं म्हणणं! वीस वर्षं मी हे शिकवतोय. उत्तरांचा कागद करताना सोळाव्याचं उत्तर मी सतराव्यापुढं पुन्हा लिहिलं होतं, आणि मग आपल्याच अक्षरावर वेदवाक्यासारखा विश्वास ठेवून पुढं गेलो होतो.

मुलांना खरं उत्तर माहीत होतं. म्हणून त्यांनी जमिनीला हात लावला नव्हता. बाकीच्या तीन ‘चुकीच्या’ उत्तरांपैकी एकावर बोट ठेवलं, ते कधी ना कधी सोन्यावर पडलं, आणि मशीननं त्यांना बरोबर ठरवलं. सगळ्या पाठांत मुलांचं बरोबर आलेलं एकच उत्तर, आणि ते मास्तराचं चुकलेलं.

मॅडमच्याही ध्यानात आलं. त्या एकदम हळू बोलायला लागल्या, दवाखान्यात बोलतात तसं. “सर, आत्ता उत्तर बदलू का? मिनिटाचं काम. कुणाला कळणार न्हाई.”

“पण मग हे तेरा…”

“जाणार. मग नुसती शून्यंच. पुरावाबी गेला.”

खोटं कशाला बोलू, मी पाच मिनिटं तिथं बसून विचार केला. बदलावं, तर चूक झाकते आणि पेपर जातो. ठेवावं, तर पेपर वाचेलही, पण ह्या विषयाचा मीच एकटा जाणकार म्हणून बावीस वर्षं मिरवलो, त्याच्यावर माती. तीही फ्रान्सच्या वैद्याच्या आवडीची, काळी कसदार. ती बिद्रीची मुलगी अजून दाराशीच घुटमळत होती; तिला विचारलं, “सतराव्याला मशीन चुकलंय, हे कळलं नव्हतं तुम्हाला?”

“कळलतं की सर. पहिल्याच दिवशी.”

“मग सांगितलं का नाही?”

ती पायाच्या अंगठ्यानं फरशी टोकरत म्हणाली, “म्हटलं, सरांस्नी कशाला दुखवायचं.”

झालं. अडतीस जणांनी तीन महिने माझी अब्रू सांभाळली होती आणि मी त्यांना भरवर्गात माठ म्हणालो होतो. मी मॅडमना म्हणालो, “लॅपटॉप घ्या. वरती जाऊ.”

प्राचार्यांच्या टेबलावर मॅडमनी लॅपटॉप उघडला. मी सोळावा प्रश्न दाखवला, सतरावा दाखवला, पुस्तकातलं पान दाखवलं. माझ्या हस्ताक्षरातला उत्तरांचा कागद ठेवला. प्राचार्य पुढे झुकले. ह्या वेळी ते माझ्याकडे नाही, कागदाकडे परीक्षानळीसारखं बघत होते.

“म्हणजे सगळ्या नळ्या लाल,” ते सावकाश म्हणाले, “आणि एकच निळी.”

“हो.”

“निळ्या नळीत गडबड कुणाची?”

“माझी.”

“मुलं अंदाजानं दाबत असती, तर सतराव्यात वेगळं काही दिसलंच नसतं.”

“नसतं.”

“आणि ह्या जमिनीच्या बटणावर काय आहे? ते तर कुणीच दाबलेलं नाही.” त्यांनी स्वतःच बोट पुढं करून ते दाबलं.

नेमकं तेव्हाच दार ढकलून मावशी चहाचा ट्रे घेऊन आत आल्या. आणि खोलीत दोन मावशी झाल्या. एक ट्रे धरून उभी, दुसरी लॅपटॉपमधून हळू, पडेल आवाजात बोलणारी: “बरोबर हाय की. पण मास्तर न्हाय म्हणत्यात.” मागून माझा आवाज, घाईघाईनं: “चालेल, चालेल.”

मावशींनी ट्रे ठेवला.

“मी तवाच सांगिटलतं,” त्या म्हणाल्या. “सोनं पेरून उगवतंय का म्हटलं. तर म्हणत्यात, कागदावर लिवलंय!”

प्राचार्यांना मी बारा वर्षं ओळखतो. त्यांना हसताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आधी आवाज आलाच नाही, नुसता चष्मा हलत होता. मग तो काढून त्यांनी टेबलावर ठेवला आणि डोळे पुसले.

“मंडळाला दाखवतो,” ते म्हणाले. “पेपर राहील, बघतो मी. पण अहवाल तुम्ही लिहायचा, सर. तुमच्या हातानं. आत्ता, इथं.”

मी लिहिला. त्यांनी सांगितलेलं शेवटचं वाक्य अजून पाठ आहे: “विद्यार्थ्यांना सर्व प्रश्नांची उत्तरे येतात, विषयशिक्षकास एका प्रश्नाचे उत्तर आले नाही.” खाली सही केली. हुद्दा लिहिताना पेन जरा अडखळलं.

गुरुवारी मंडळ आलं. अहवाल वाचला गेला तेव्हा मी बाहेर वडाखाली उभा होतो. हसण्याचा आवाज तिथपर्यंत आला, मावशींच्या आवाजासारखा. पेपर राहिला. मंडळ पन्हाळ्याला गेलंच, पण सही करायला नव्हे, नुसतं जेवायला.

ह्या जूनमध्ये पेपर घेतलेल्यांची यादी लागली तेव्हा पहिल्यांदाच ती दुसऱ्या पानावर गेली. आता तक्ता चौथ्या फटक्याचा निघतो. बरोबर उत्तर जो शेवटपर्यंत शाबूत राखतो त्याला पूर्ण गुण. सतराव्याचं उत्तर मॅडमनी दुरुस्त केलं आणि सोन्यासाठी मावशींचं नवं बोलणं घेतलं. जमीन हे आता बरोबर उत्तर आहे, आणि बरोबर उत्तराला मावशी बोलत नाहीत, हा आमचा नियम. मी म्हणालो, मग जमिनीवरची ती जुनी फीत पुसून टाकू. मॅडम काहीतरी कानडीत म्हणाल्या. ते मशीनसाठी होतं की माझ्यासाठी, कळलं नाही.

परवा लॅबच्या काचेतून बघत होतो. नव्या वर्गातल्या एका मुलीनं सतराव्या प्रश्नाला तीन बोलणी मनसोक्त खाल्ली, मग शेवटचं बटण दाबलं, आणि एकदम थांबली. हेडफोनवर हात घट्ट दाबून तिनं पुन्हा ऐकलं. मग मान वळवून काचेतून माझ्याकडे बघितलं.

मी कँटीनकडे गेलो. कप स्वतःच विसळला. एकदाच. मावशींच्या ते लगेच ध्यानात आलं, आणि वडाखाली ऐकू जाईल असं त्यांनी मला सुनावलं. पोरं रांगेत मागं उभी राहून हेव्यानं बघत होती.